तोंड एकच

हर्षाली पुण्याला जाताना तिचा जुना कॉम्प्युटर
माझ्याकडे टाकून गेली. त्यात बर्फ होता.

डब्ल्यू म्हणजे पुढे, आई. शिफ्ट म्हणजे पळायचं.
एफ दाबलं की ती पिल्लांना हाक मारते.
ती म्हणजे खोकडी, कोल्ह्याहून बारकी.
ती म्हणजे मी.

पहिल्या रात्री दोन तास
मी एकाच ओंडक्याला धडकत होते.
चार पिल्लं मागे उभी राहून बघत होती,
सुपरवायझर बघतो तशी, पण रागावली नाहीत.

दिवसभर दिंडोरी रोडच्या पॅकहाउसला
मी घडातले बारके मणी कात्रीने काढते.
निर्यातीचा माल, बारका मणी चालत नाही.
थंड खोलीतून पेट्या मोजून बाहेर येते
तेव्हा बोटं माझी नसतात.
त्याच बोटांनी रात्री म्हसरूळच्या खोलीत
बर्फ उकरून उंदीर काढते.

बर्फ मी कधी बघितला नाही.
निफाडला पारा उतरला की बागांतून शेकोट्या पेटतात,
माझी थंडी तेवढीच.
पण बर्फाखाली काय हललं ते मला कळतं.
सुरगाण्याकडे दगड उचलून खेकडे धरलेत मी.
कान तेच.

प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर एक पट्टी असते.
हिरवी म्हणजे पोट भरलेलं. मग पिवळी.
लाल झाली की ते चालायचं सोडून खाली बसतं.
देवाशप्पथ, अशी पट्टी खरी असती तर
असो.

एकच गोष्ट मला आवडत नाही.
नदी आली की पिल्लं आपणहून उतरत नाहीत.
एकेकाला तोंडात धरून न्यायचं,
आणि तोंड एकच.
पहिलं पलीकडे ठेवून वळावं
तर अलीकडे तीन, वर गरुड,
आणि पलीकडच्या एकट्यावरही तेच आभाळ.

हर्षाली फोनवर म्हणाली, अशक्त असेल त्याला आधी ने.
मग म्हणाली, नाही, धडधाकट असेल त्याला.
मग म्हणाली, आई, गेम आहे गं,
मेलं तर पुन्हा सुरू कर.

परवा मखमलाबादकडे ऊस तोडताना
बिबट्याची दोन पिल्लं सापडली.
वनखात्याने क्रेटमध्ये घालून जिथली तिथे ठेवली,
कॅमेरा लावला, माणसं हटवली.
चहाच्या सुट्टीत आम्ही साताठ जणी एका मोबाइलवर वाकलो.
दोन वाजून चाळीस मिनिटं. ती आली.
क्रेट पंजाने कलंडवला, एकाला मानेशी धरलं, गेली.
सगळ्या "बाई गं" म्हणत सरळ झाल्या.
यमुनाबाई भोये तेवढी वाकलेलीच.
"नि दुसरं?"

दुसऱ्यासाठी ती तासाभराने आली.
तो तास मी अंगठ्याने पुढे ढकलत बघितला.
पिल्लू क्रेटच्या कडेला नाक लावून बसलेलं.
एकदा जांभई दिली त्याने.

मी नाशिकला आले तेव्हा हर्षाली दीड वर्षाची,
अंगावर पीत होती, म्हणून तिला घेतलं.
देविदास चार वर्षांचा, सासूजवळ ठेवला.
म्हटलं, द्राक्षाचा हंगाम संपला की येते न्यायला.
वळायला मला पाच हंगाम लागले,
आणि तोवर तो यायला तयार नव्हता.
आता पिकअप चालवतो. सणाला पैसे पाठवतो.
बोलतो चांगलं.
फक्त मला तुम्ही म्हणतो.

काल रात्री नदी परत आली.
मी कोणालाच उचललं नाही.
काठाकाठाने वरच्या अंगाला निघाले, चारही मागे,
पट्ट्या पिवळ्या, एकाची लाल व्हायला आलेली.
कुठंतरी पाणी घोट्याएवढं होत असेल.
आमच्या नदीला असतो असा एक उतार,
बायका तिथूनच डोक्यावर मोळ्या घेऊन येतात.
ह्या नदीला तो नसेलही. मला बघायचं होतं.

साडेबाराला लाइट गेली.
अंधारात बराच वेळ
बोट एफवरच होतं.